बोला, साहेब!

२०२० च्या मार्चमध्ये कुणालाही फोन लावला की पलीकडून आधी खोकल्याची उबळ ऐकू यायची. मग करोनापासून काळजी कशी घ्यायची ते एक बाई सांगायच्या आणि त्यानंतर, आपलं नशीब जोरावर असेल तर, रिंग वाजायची. ही सरकारी सूचना आहे हे माझ्या साताऱ्याच्या आत्याला शेवटपर्यंत पटलं नाही. तिच्या मते मी फोन उचलत होतो आणि बोलण्याआधी खोकत होतो. "केवढा खोकला झालाय त्याला! आणि मधेच ती बाई कोण बोलते?" हे तिने मला विचारलं असतं तर निभावलं असतं. तिने ते माझ्या बायकोला फोन करून विचारायचं ठरवलं, तिकडेही खोकलाच ऐकू आला, आणि अख्खं घर आडवं झालं असं समजून तिने देव पाण्यात घातले.

पुढे त्या खोकल्याच्या जागी अमिताभ बच्चन आले. हात धुवा, मास्क लावा, अंतर ठेवा. लस आली तेव्हा तेही गेले. काही वर्षांनी फोन लावतो तर पुन्हा तेच, तसेच धीरगंभीर, आणि आता सायबर चोरांपासून सावध करताहेत. घरात नळ तुटलेला, पाणी घोट्याला लागलेलं, मी प्लंबरला फोन लावतोय आणि अमिताभ बच्चन मला सबुरीने फसवणुकीचे प्रकार समजावताहेत. २०२५ च्या जूनमध्ये ती सूचना बंद झाली तेव्हा लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. त्यातल्या एकानेही ती कधी शेवटपर्यंत ऐकलेली नव्हती.

ही झाली राष्ट्रीय पातळीवरची जनजागृती. सिंहगड रोडवरच्या आमच्या सोसायटीत ती स्थानिक पातळीवर झाली आणि त्यासाठी नेमलेल्या समितीचा अध्यक्ष, सचिव आणि एकमेव सभासद मी होतो. राज्यातले करोनाचे पहिले रुग्ण २०२० च्या ९ मार्चला पुण्यातच सापडले. "म्हणजे इथेही पहिला नंबर आपलाच," असं आमचे चेअरमन म्हणाले, त्या सुरात भीती किती आणि अभिमान किती याचा हिशेब अजून लागलेला नाही. त्याच संध्याकाळी पार्किंगमध्ये सभा भरली. सूचना कुणी लिहायच्या असा प्रश्न आला, आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही लिहिता ना काहीतरी?"

'काहीतरी'वर जरा जास्तच जोर होता. पण निवड बिनविरोध झाली.

माझी पहिली सूचना फळ्यावर लागली: "लिफ्टमध्ये शिंकू नये. शिंक येत असल्यास जिन्याने जावे." दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर लाल शाई होती. ए विंगमध्ये निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. त्यांनी माझा एक ऱ्हस्व दीर्घ केला होता, एक अनुस्वार काढला होता आणि खाली 'अक्षर सुधारा' असा शेरा मारला होता. सूचना पाळली का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "मी पहिल्या मजल्यावर राहते. मला लिफ्ट लागतच नाही." तिसऱ्या मजल्यावरच्यांची अडचण वेगळी होती. "शिंक दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे आली तर?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं. समितीकडे उत्तर नव्हतं.

मग लिफ्टची बटणं हा विषय आला. बटणाला बोट लावायचं नाही म्हणून लिफ्टच्या दाराशी थर्माकोलचा ठोकळा टांगला, त्यात दात कोरायच्या काड्या खोचल्या आणि खाली वापरलेल्या काड्यांसाठी श्रीखंडाचा रिकामा डबा बांधला. कल्पना शहरातल्या बऱ्याच सोसायट्यांत चालली होती, तेव्हा श्रेय मी घेत नाही. पहिल्या दिवशी काड्या संपल्या. दुसऱ्या दिवशी कळलं की लोक येताना काडीने बटण दाबतात आणि जेवण झाल्यावर खाली येऊन ती मूळ कामासाठी नेतात. तिसऱ्या दिवशी ठोकळा पुन्हा गच्च भरलेला पाहून मला भरून आलं. कुणीतरी स्वतःच्या खर्चाने काड्या आणून खोचल्या होत्या. मग लक्षात आलं की श्रीखंडाचा डबा रिकामा आहे. वॉचमन काटकसरी माणूस.

त्याच वॉचमनच्या हाती आम्ही तापमान मोजायचं पिस्तूल दिलं. ते कपाळावर रोखायचं असतं, पण चेअरमनच्या कपाळावर पिस्तूल कसं रोखायचं, म्हणून तो भीडेखातर मनगटावर रोखायचा. एप्रिलच्या उन्हात लोकांचे आकडे एकतीस आणि बत्तीस सेल्सिअस येऊ लागले. त्या वहीनुसार सोसायटीतले निम्मे सभासद केव्हाच थंड पडलेले होते आणि तरीही मेंटेनन्स भरत होते. वही दर रविवारी चेअरमन तपासून सही करत.

घराघरांतलं चित्र याहून निराळं नव्हतं. आमच्या गॅलरीत सकाळी सातला दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, दोन गाईच्या आणि एक म्हशीची, दोरीवर चिमट्याला वाळत असत. साबणाने घासताना एका पिशवीला बारीक भोक पडलं आणि त्या दिवशी चहाला असा काही फेस आला की हॉटेलातल्या कॉफीने मान खाली घालावी. मी नोटांना इस्त्री करत असे. कॉटनला ठेवायची की सिल्कला, हे रिझर्व्ह बँकेने कुठे सांगितलेलं नाही. भाजी सोड्याच्या पाण्यात, कोथिंबीर मिठाच्या पाण्यात, आणि बाहेरून आलेला मी थेट मोरीत. आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका घातलेला काढा सुचवला होता. सी विंगमधल्या एका काकूंनी त्यात हळद, लवंग, ओवा, गवती चहा आणि स्वतःची मतं घातली. तो काढा घेतलेल्या माणसाच्या जवळ विषाणू फिरकत नसे हे खरं असावं, कारण माणसंही फिरकत नसत. या काकूंना आपण 'काढा-काकू' म्हणू. त्या पुढे येणार आहेत.

आता आमची सामुदायिक शिस्त. २२ मार्चला जनता कर्फ्यू होता. संध्याकाळी पाच वाजता आपापल्या गॅलरीतून थाळ्या वाजवायच्या होत्या. आमच्या गॅलऱ्या मागच्या बाजूला आहेत, तिथून वाजवलं तर समोरच्या सोसायटीला ऐकू जाणार नाही, म्हणून सगळे थाळ्या घेऊन पार्किंगमध्ये उतरले. दिवसभर घरात राहून वाचवलेलं अंतर दहा मिनिटांत भरून निघालं. मी वरून ओरडत होतो, "लांब लांब उभे राहा!" खालून उत्तर आलं, "खाली येऊन सांगा, ऐकू येत नाही."

मी गेलो.

त्यानंतर काढा-काकूंनी ठराव मांडला की कामवाल्या बायकांना गेटच्या आत घेऊ नये. तो एकमताने मंजूर झाला. टाळेबंदी सैल झाली तरी ठराव सैल होईना, आणि सोसायट्यांनी आपापले कायदे करू नयेत हे शेवटी सरकारला सांगावं लागलं. पंधरा-पंधरा वर्षं ज्यांच्याकडे घराची किल्ली असते, ज्यांना आमच्या लॉकरची जागा, मधुमेहाचे आकडे आणि सुनेचा स्वभाव ठाऊक असतो, त्या मावशी गेटवर पिस्तुलासमोर हात पुढे करून उभ्या. कुरिअरवाल्याला लांबून बोलायचं, भाजीवाल्याला त्याहून लांबून. आणि फोनवर बिहारमधून बोलतोय की बोरिवलीतून याचा पत्ता नसलेल्या माणसाने गंभीर आवाजात "मैं हेड ऑफिस से बोल रहा हूँ" म्हटलं की, "हां साहेब, बोला साहेब, आधार नंबर देऊ का, साहेब?" विषाणू कुणाकडून येईल याची आम्हाला जेवढी धास्ती होती, तिच्या शतांशाने फोन कुणाकडून येतोय याची असती तर माझ्या समितीचं काम केव्हाच संपलं असतं. ते वाढलं.

ठग मंडळी आमच्यापेक्षा झटपट कामाला लागली होती. पीएम केअर्स निधी मार्चच्या शेवटी जाहीर झाला आणि दोन-तीन दिवसांत त्याच्या नावाचे बनावट यूपीआय पत्ते फिरू लागले. खऱ्या पत्त्यात 'केअर्स' होतं, एका खोट्यात नुसतं 'केअर'. तो मेसेज आमच्या ग्रुपवर आला, पाच-सहा जणांनी हात जोडले, दोघांनी "भरतोच" म्हटलं, आणि तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाईंनी लिहिलं, "शेवटचा एस राहिला आहे. निष्काळजीपणा." त्यांना ठगाशी काही देणंघेणं नव्हतं, त्या फक्त पेपर तपासत होत्या. पण पैसे वाचले. तेव्हापासून लाल शाईबद्दल मी तक्रार करत नाही.

मे महिन्यात सरकारने दारू घरपोच द्यायला परवानगी दिली. त्याच्याही आधीपासून इंटरनेटवर नामांकित दुकानांच्या नावाखाली ठगांचे नंबर फिरत होते. ठगाला गिऱ्हाइकाची नाडी अचूक कळलेली असते. घसा कोरडा पडलेला माणूस नंबर पडताळून बघत नाही. बी विंगमधले एक काका एके दुपारी मास्क डोळ्यांपर्यंत चढवून माझ्याकडे आले.

"समजा, एखाद्या माणसाने फोनवरून औषध मागवलं, पैसे आधी भरले, डिलिव्हरीसाठी म्हणून ओटीपीही सांगितला, आणि औषध आलंच नाही. तर?"

"कसलं औषध?"

"झोपेचं."

"किती गोळ्या?"

"दोन खंबे," काका म्हणाले, आणि पुढे बराच वेळ आम्ही दोघं माझ्या दुधाच्या पिशव्यांकडे बघत राहिलो. पोलिसांत जा, असं मी सांगितलं. जायला हरकत नव्हती, म्हणाले, पण काय मागवलं होतं ते पोलीस विचारणार आणि चौकशीला घरी आले तर तेच हिच्यासमोर विचारणार.

पुढच्या वर्षी लस आली आणि तिच्याबरोबर 'स्लॉट' नावाची चीज. १ मे २०२१ पासून अठरा वर्षांवरच्यांना लस खुली झाली. कोविनवर स्लॉट उघडला म्हणेपर्यंत संपलेला असे. पुण्यातली मंडळी लशीसाठी जुन्नर-आंबेगावपर्यंत जाऊन आली. "तुमची नोंदणी करून देतो, ओटीपी सांगा," असे फोनही आले. त्या काळात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. जो ओटीपी हवा असतो तो येत नाही. आपण फोनकडे डोळे लावून बसतो, मुदत संपते आणि मग तो येतो. ठगाने पाठवलेला मात्र बोलणं संपायच्या आत टिंग करून हजर. त्याच सुमारास मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणारी अ‍ॅपही फिरत होती. ऑक्सिजन मोजणं फोनच्या आवाक्यातलं नाही, बोटाचा ठसा मात्र चोरीला जाऊ शकतो, असे इशारे सरकारी सायबर खात्यांनी दिले होते. मी ते फळ्यावर लावलं. खाली कुणीतरी लिहिलं, "माझा ९९ आला. तुमचा किती?"

तरी आमच्या सोसायटीत ठगांना पुरून उरलेली दोन माणसं आहेत आणि दोघांनीही माझी एकही सूचना वाचलेली नाही. पहिले म्हणजे निवृत्त बँक मॅनेजर. त्यांनी व्यायामाची सायकल विकायला काढली. गिऱ्हाईक फोनवर म्हणालं, मी लष्करात आहे, बदली झालीय, क्यूआर कोड पाठवतो, तो स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे तुमच्या खात्यात येतील.

"थांब," मॅनेजरसाहेब म्हणाले. "पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो द्यायला. हे तुला कुणी शिकवलं नाही?" आणि ते सुरू झाले. यूपीआय, त्याच्या आधी चेक, त्याच्याही आधी लेजर, लेजरमधली खाडाखोड, शनिवारचा अर्धा दिवस.

"सर, मुझे साइकिल नहीं चाहिए."

"सायकलचं राहू दे. महिन्याला शिल्लक किती टाकतोस?"

पलीकडून फोन ठेवला गेला. मॅनेजरसाहेब त्याला उरलेलं सांगायला तीन-चार वेळा फोन लावत होते, पण त्याने नंबर ब्लॉक केला. "हल्लीच्या पोरांना ऐकून घ्यायला नको," असं ते खेदाने म्हणाले.

दुसऱ्या म्हणजे तळमजल्यावरच्या आजी. त्यांना फोन आला की तुमचं सिम आज बंद पडणार, केवायसी करा.

"कोण? मोठ्यांदा बोल बाळा."

"आजी, एक नंबर आला असेल, तो वाचून दाखवा."

"चष्मा शोधते हं." चष्मा डोक्यावर होता, तो सापडेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. त्याने दुसरा पाठवला. दरम्यान आजींनी त्याचं गाव विचारलं, जेवला का विचारलं, लग्न झालं नाही हे कळल्यावर पगार विचारला. पगाराच्या जागी तो गप्प झाला. "बाळा, हे काम सोड," आजी म्हणाल्या, "संध्याकाळची वेळ आणि तू लोकांचे नंबर विचारत बसलायस." फोन त्यानेच ठेवला. आजी अधूनमधून त्याची आठवण काढतात.

चेअरमनसाहेबांची गोष्ट मी थोडक्यात सांगतो, कारण ते हा लेख वाचणार आहेत. मागच्या महिन्याचं बिल अपडेट नसल्याने आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, असा मेसेज त्यांना आला. खरं तर आमच्या भागात वीज जाते ती न सांगता. सांगून जाणार म्हणताहेत यावरूनच संशय यायला हवा होता. पण साहेबांनी त्या नंबरला फोन केला, पलीकडच्या 'अधिकाऱ्या'ने सांगितलेलं अ‍ॅप घेतलं, आणि फोनचा पडदा आपोआप इकडून तिकडे सरकू लागला. तेवढ्यात चेअरमनबाईंनी फोन हिसकावला, प्रेशर कुकरमध्ये टाकला आणि झाकण घट्ट लावलं. नुसता बंद केला असता तरी चाललं असतं. पण त्यात ती मजा नव्हती, असं त्या म्हणतात.

आणि मग २०२४ च्या अखेरीस काढा-काकूंना 'डिजिटल अरेस्ट' झाली. तोवर पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये सांगून झालं होतं की अशी अटक कुठल्याही कायद्यात नाही. मीही फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं. काकूंनी दोन्ही ऐकलं-वाचलं होतं आणि दुसऱ्यांनी सावध राहावं अशी दोन्ही वेळा इच्छा व्यक्त केली होती. व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दीतला एक गृहस्थ, मागे बोधचिन्ह, बाजूला फायलींचा ढीग. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाला सांगायचं नाही, चौकशी होईपर्यंत खात्यातले पैसे 'सुरक्षित' खात्यात ठेवायचे. काकू दोन तास खुर्चीत ताठ बसून "हो साहेब, नाही साहेब" करत होत्या. मधे एकदा त्यांनी साहेबांना चहा विचारला, असं म्हणतात. काकू ते अजून नाकारतात.

मावशी नेहमीच्या वेळेला भांडी घासायला आल्या. काकूंनी बोट ओठांवर ठेवून खुणेने सांगितलं, पोलीस. मावशींनी पदर खोचला, कॅमेऱ्यात डोकं घातलं आणि नीट निरखून बघितलं.

"कुठलं ठाणं, साहेब?"

"मॅडम, आप बीच में मत आइए, प्लीज. यह बहुत सीरियस मॅटर है."

मावशी मागे वळल्या. "काकू, ठेवा फोन. ह्यो पोलीस न्हाय."

"कशावरून?"

"आमच्या मालकास्नी दोनदा नेलंय पोलिसांनी. जीप घेऊन येत्यात, दार बडवत्यात, आन् तोंड सोडत्यात ते येगळंच. ह्यो 'आप' आन् 'प्लीज' म्हंतोय." आणि त्यांनी ओल्या हाताने लाल बटण दाबलं.

पुढच्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडला की जनजागृती समितीत मावशींना घ्यावं. काढा-काकूंनी अनुमोदन दिलं, पण ठराव नियमात बसला नाही. समितीवर फक्त फ्लॅटमालक सभासदच घेता येतो. त्यांचा पगार वाढवण्याची सूचनाही आली, ती वेळेअभावी पुढच्या सभेवर गेली. सभेचा उरलेला वेळ फळ्याला नवी काच लावावी की नाही यावर झाला.

तुमच्या सोसायटीचे नियम जरा सैल असतील तर अशी एखादी मावशी समितीवर जरूर घ्या. तोवर १९३० हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर पाठ करून ठेवा. पैसे गेले की जितक्या लवकर कळवाल तितकी ते पुढच्या खात्यात अडकवता येण्याची शक्यता जास्त असते, तेव्हा लाज वाटायचं काम थोडं पुढे ढकला. आधी १९३० ला फोन लावा, मग बँकेला. बायकोला कधी सांगायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.